आठ तारखेची रात्र

शॉम्बर्ग, इलिनॉय, १४ मार्च २००४

चि. शंतनू,

आशीर्वाद आधीच घेऊन ठेव, कारण पुढे काम सांगायचं आहे. काकूला यातलं काही कळता कामा नये. आपला फोन स्वयंपाकघरात आहे आणि माझ्या कानांसाठी त्याचा आवाज इतका मोठा करून ठेवलाय की पलीकडचा माणूस गॅरेजमध्येही ऐकू येतो. म्हणून पत्र.

काकूच्या काचबिंदूचं तुला माहीतच आहे. डॉक्टर आपल्या महाराष्ट्र मंडळातलेच, त्यामुळे गेल्या आठवड्यात त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की औषधाने थांबायला हवं होतं ते थांबलेलं नाही. तिला आत्ताच नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसतं, आणि ती नळी बारीक होत चालली आहे. अजून एक हिवाळा, फार तर दोन. तिला मी 'डोळे थकलेत' एवढंच सांगितलंय.

लग्नाआधी ती साताऱ्याला मुलींच्या शाळेत सात वर्षं भूगोल शिकवायची. पुस्तकात ध्रुवीय प्रकाशाचं एक काळंपांढरं चित्र होतं. मुली विचारायच्या, बाई, रंग कोणता? आणि ही ठोकून द्यायची, हिरवा. १९६९ साली विमानतळावरून घरी येताना गाडीत तिने मला पहिला प्रश्न विचारला तो हाच, की इथून ते दिवे दिसतात का. मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघायला जाऊ. त्याला पस्तीस वर्षं झाली. कधी पुलाचं काम, कधी थंडी, कधी पाहुणे. आता लाज वाटते, पण खरं ते हेच.

विस्कॉन्सिनच्या उत्तर टोकाला, सुपिरियर सरोवराच्या काठी जायचं म्हणतो. सात तासांचा ड्राइव्ह आहे. तिला दोन-दोनदा नेणं होणार नाही, म्हणून मला नेमकी एक तारीख काढून दे. मी रस्ते आणि पूल बांधणारा माणूस, आकाशाचं वेळापत्रक मला कळत नाही.

तुझा
एकनाथकाका

*

चँडलर, ॲरिझोना, २ एप्रिल २००४

ती. काकांना साष्टांग नमस्कार. (आमच्या अपार्टमेंटमध्ये आडवं पडायला जागा नाही, तेव्हा मानून घ्या.)

काकूंचं वाचलं. अठ्ठ्याण्णव साली तुमच्या बेसमेंटमध्ये राहत होतो तेव्हा कितीही उशिरा आलो तरी ओट्यावर माझं ताट झाकलेलं असायचं. मी झाकण काढलं की वरून त्यांचा आवाज यायचा, 'गरम करून घे रे.' तेव्हा तारीख मी काढणार, आणि अशी काढणार की तुम्ही मंडळात सांगत फिराल.

सूर्यावर वादळं होतात, त्यांतलं एखादं आपल्या दिशेने निघतं आणि दोन-तीन दिवसांत इथे पोचतं. म्हणजे महिनाभर आधी पक्की तारीख कोणीच देऊ शकत नाही. पण अंदाज बांधता येतो. सूर्य साधारण सत्तावीस दिवसांत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे आज खवळलेला भाग पुढच्या महिन्यात पुन्हा आपल्यासमोर येऊ शकतो. वसंत आणि शरद हे दोन ऋतू त्यातल्या त्यात चांगले. चंद्र नको, म्हणजे अमावास्येच्या आसपासचे दिवस. आणि सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्रातला जोर आता ओसरत चालला आहे, म्हणून पुढच्या वर्षावर ढकलू नका. हा शरद ऋतू गाठायचा.

शास्त्रज्ञ लोक वादळाच्या जोराचा शून्य ते नऊ असा तक्ता इंटरनेटवर देतात. मी एक प्रोग्रॅम लिहिलाय. तो दर तीन तासांनी तो तक्ता उचलतो, चंद्र बघतो, तिकडचे ढग बघतो, आणि आकडा सातच्या वर गेला की तारीख छापून मोकळा होतो. माणसाने डोकं लावायची गरजच ठेवलेली नाही. रोज संध्याकाळी पुण्याच्या टीमबरोबर माझा कॉल असतो, दोन देश, दोन तारखा, आणि तीन वर्षांत एकही कॉल चुकलेला नाही. हे तर घरचं काम आहे.

तारीख निघाली की फोन करेन. तुम्ही फक्त बॅग भरून ठेवा.

तुमचा
शंतनू

*

शॉम्बर्ग, १९ सप्टेंबर २००४

चि. शंतनू,

तुझं पत्र मी इतक्या वेळा वाचलं की सूर्यावर व्याख्यान देऊ शकेन. काल मंडळात दिलंही. आमचा पुतण्या कॉम्प्युटरने तारीख काढतो म्हटल्यावर प्रल्हादराव गप्प झाले, आणि ते सहसा होत नाहीत.

काकूला सहल कळली आहे. डिकीत बॅग, दोन रजया आणि थर्मास बघून तिने विचारलंच. मी म्हटलं, शंतनू सांगेल त्या दिवशी तुझे दिवे बघायला जायचं. तारीख कशी काढतात ते ती विचारत होती. मी म्हटलं, ते फार टेक्निकल आहे, तू त्यात पडू नकोस.

एक अडचण. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून आणलेल्या दिनदर्शिकेत मी सगळ्या अमावास्यांना खुणा केल्या. ते बघून ती हसायला लागली. तुझ्या आजीने जन्मात कधी अमावास्येला कोणाला गावाला निघू दिलं नाही, आणि काकूनेही तो नेम इथे पस्तीस वर्षं पाळलाय. तेव्हा अमावास्येच्या अलीकडची किंवा पलीकडची तारीख दे, नेमकी अमावास्या नको. तुझ्या प्रोग्रॅमला तेवढं समजावून सांग.

परवा तिने चहा कपाच्या बाहेर ओतला. मी पुसलं. लवकर बघ.

मोटेलचा नंबर सोबत लिहिलाय. मोबाइल माझ्याकडे नाही, असला तरी मला ऐकू येणार नाही.

एकनाथकाका

*

शॉम्बर्ग, १२ नोव्हेंबर २००४, लक्ष्मीपूजन

चि. शंतनू,

दिवाळीचे आशीर्वाद तुला आणि चारुताला. तुझा फोन नाही म्हणून मीच लिहितो. नाराज होऊन बसला असशील, तर तसं करू नकोस.

रविवारी दुपारी तू 'उद्या, आठ तारीख, रात्र' म्हणालास. सोमवारी पहाटे निघालो. काकूने नवी शाल घेतली होती. गाडीत तिने मला ध्रुवीय प्रकाशाचा आख्खा धडा म्हणून दाखवला, चाळीस वर्षांनंतर, एक शब्द न गाळता. अंधार पडल्यावर काठावर खुर्च्या टाकून बसलो. आकाश स्वच्छ, तारे भरपूर. तुझे दिवे काही आले नाहीत. साडेअकरापर्यंत ती उत्तरेकडे तोंड करून बसली होती. दर थोड्या वेळाने विचारायची, 'अहो, मला दिसत नाही, की ते नाहीच आहे?' मी म्हणायचो, नाहीच आहे. शेवटी शेवटी तिचा माझ्यावर विश्वास बसेना.

एक दिवस आणखी राहावं असं मनात होतं. पण मंगळवारी सकाळी खोलीतला फोन दोनदा वाजला आणि बंद झाला. मला अर्थातच ऐकू आलं नाही, काकूने सांगितलं. खोली रिकामी करा म्हणत असतील असं वाटलं, म्हणून आवरून निघालो.

तू मनाला लावून घेऊ नकोस. सूर्य काही तुझ्या हाताखाली काम करत नाही. यात तुझी काही चूक नाही, आणि हा विषय आता आपण दोघांनी पुन्हा काढायचा नाही.

एकनाथकाका

*

चँडलर, १ डिसेंबर २००४

ती. काका,

सा. न. तुमचं पत्र मिळालं. वादळ अपेक्षेपेक्षा वेगाने आलं आणि गेलं. अंदाजच चुकला. या शास्त्रात अजून बरीच अनिश्चितता आहे. मार्चमध्ये पुन्हा प्रयत्न करू.

सध्या ऑफिसात नवीन प्रोजेक्ट सुरू झालं आहे, त्यामुळे ख्रिसमसला यायचं कॅन्सल करावं लागतंय. काकूंना नमस्कार.

शंतनू

*

शॉम्बर्ग, २३ ऑक्टोबर २००५

चि. शंतनू,

मार्च गेला, ऑक्टोबरही संपत आला. तो प्रोग्रॅम आता बंद कर. काकूला उजेड आहे की अंधार एवढंच कळतं. समोर येऊन उभा राहिलो तर मी आहे हे ती पावलांच्या आवाजावरून ओळखते.

ती तुझी चौकशी करते. थँक्सगिव्हिंगला या. ओट्यावर ताट झाकून ठेवायला तिला अजून जमतं.

एकनाथकाका

*

चँडलर, १५ नोव्हेंबर २००६

ती. काका-काकू,

सा. न. या वर्षीही थँक्सगिव्हिंगला जमेलसं दिसत नाही. आमच्या छोट्या वेदला सर्दी आहे आणि चारुताची सुट्टी मंजूर झालेली नाही. सोबत वेदचा फोटो. काकूंना सांगा, केस त्यांच्यासारखे कुरळे आहेत.

शंतनू

*

चँडलर, १७ फेब्रुवारी २००८

ती. काका,

हे पत्र एकट्याने वाचा. मग काकूंना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मला ठरवता येत नाही.

गेल्या आठवड्यात ऑफिसात नंदू नावाच्या आमच्या ज्युनियरने एका कामाची तारीख चुकवली. मी सगळ्यांसमोर त्याला इतकं बोललो की खोलीत कोणी मान वर करेना. तो उभा राहिला आणि म्हणाला, 'शंतनू, माझी चूक आहे. मी वेळ कन्व्हर्ट केली नाही.' बास. सबब नाही, काही नाही. मी उठून पार्किंग लॉटमध्ये गेलो आणि गाडीत बसून राहिलो. तेवीस वर्षांच्या पोराला जे एका वाक्यात जमलं ते मला तीन वर्षांत जमलेलं नाही.

काका, अंदाज चुकला नव्हता. मी चुकलो होतो. तो तक्ता ग्रिनिचच्या वेळेत असतो. त्यात 'आठ तारीख, शून्य ते नऊ वाजेपर्यंत' असं होतं, म्हणजे तुमच्याकडे सात तारखेची संध्याकाळ सहा ते मध्यरात्रीनंतर तीन. मी प्रोग्रॅमला सगळं शिकवलं, चंद्र, ढग, अमावास्या टाळायचं, एवढं एकच शिकवायचं राहिलं. त्याने 'आठ' छापलं. आम्ही मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाला निघालो होतो, खाली चारुता हॉर्न वाजवत होती. मी कागदावर नजर टाकली आणि तुम्हाला फोन केला. पुण्याच्या टीमची आठ तारीख म्हणजे आपली सात, हे मी रोज संध्याकाळी डोळे मिटून करतो. तिथे चुकलं तर ओरडणारे वीस लोक असतात. काकूंच्या तारखेला ओरडणारं कोणी नव्हतं.

सोमवारी सकाळी ऑफिसात सगळे आदल्या रात्रीचे फोटो बघत होते. तुमच्या इलिनॉयमधले. लाल, हिरवं, आख्खं आकाश. मी तारीख वाचली आणि तेव्हाच सगळं समजलं. तुम्ही तेव्हा रस्त्यात होतात.

इथवर ती चूक होती. पुढचं सांगायची लाज वाटते म्हणून तीन वर्षं गेली.

मंगळवारी सकाळी प्रोग्रॅमने पुन्हा कागद छापला, 'दहा तारीख'. या वेळी मी नीट हिशेब केला. म्हणजे नऊची रात्र, त्याच दिवशीची. तुम्ही अजून मोटेलमध्ये होतात. एक दिवस थांबा, एवढंच सांगायचं होतं. पण तुम्ही विचारलं असतं, मग काल का नाही दिसलं? आणि मला सांगावं लागलं असतं. मी नंबर फिरवला. दोनदा वाजला. पलीकडून काकू बोलतील असं मनात आलं आणि मी फोन ठेवला.

तो फोन मोटेलवाल्याचा नव्हता, काका. माझा होता. मी तुम्हाला थांबवायला केलेल्या फोनने तुम्ही निघालात. त्या रात्री तिथे पुन्हा सगळं आकाश पेटलं होतं.

तुम्ही लिहिलंत, तुझी काही चूक नाही. ते वाक्य मी किती वेळा वाचलं असेल. त्यानंतर तुमच्या दारात पाय ठेवायचं धाडस झालं नाही. प्रोजेक्ट खोटं होतं, सर्दी खोटी होती. काकूंच्या समोर बसायचं आणि त्यांना मी दिसत नाही याचं मला बरं वाटायचं, अशी वेळ येईल याची भीती वाटत होती.

तो प्रोग्रॅम अजून चालू आहे. बंद करवला नाही. सूर्यावर आता कित्येक आठवडे एक डागही नसतो, त्यामुळे कागद कोराच येतो.

शंतनू

*

शॉम्बर्ग, ९ मार्च २००८

शंतनू,

हे मी स्वतः लिहिते आहे. काकांनी मला पुठ्ठ्यात खाचा पाडून दिल्या आहेत, त्यातून ओळ सरळ जाते म्हणतात. अक्षरं एकमेकांवर चढली असतील तर चढू देत. पाकिटावर पत्ता डॉरिस घालेल. शेजारची डॉरिस, तू बेसमेंटमध्ये असताना जिच्या दारातला बर्फ काढून द्यायचास ती.

तुझं पत्र काकांनी दोन दिवस खिशात ठेवलं. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर बसून वाचलं. 'सात तारखेची संध्याकाळ' इथे आले आणि थांबले. मला वाटलं, चष्मा पुसत असतील. ते रडत होते.

तुला जे माहीत नाही ते सांगते. ते गेले चार दिवस लिहायला बसतात आणि उठतात, त्यांच्याने होणार नाही. त्या रविवारी साडेसातला डॉरिसचा फोन आला होता. फोन आपला मोठा, मी टेबलापाशी पुऱ्या बांधत होते, मला सगळं ऐकू आलं. ती म्हणत होती, मागच्या अंगणात या, आकाश लाल झालंय, कांचनला घेऊन या. काकांनी तिला सांगितलं की आमच्याकडे शास्त्रीय पद्धतीने काढलेली तारीख आहे आणि ती उद्याची आहे. मी तोपर्यंत मागच्या दाराशी पोचले होते. कडीवर हात होता. ते म्हणाले, 'कांचन, आज नको. हे काहीतरी किरकोळ असेल. आज अर्धवट बघशील आणि उद्याची मजा जाईल.'

मी कडी सोडली.

पस्तीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते माझ्या अंगणात आलं होतं आणि मी नवऱ्याचं ऐकून पुऱ्या बांधायला परत गेले. ती लाज माझी. ती तुम्हा दोघांपैकी कोणाला देणार नाही.

त्याच आठवड्यात डॉरिसने सगळं सांगितलं. मग काकांनाही कळलं की तुझी तारीख चुकली होती. त्यांनी तुला लिहिलं की तुझी काही चूक नाही, कारण तुझी चूक निघाली असती तर त्यांचीही निघाली असती. मी तेव्हा त्यांना काही बोलले नाही. फार केविलवाणे दिसत होते.

आता माझा राग ऐक. ग्रिनिचची वेळ मी आठवीच्या मुलींना सात वर्षं शिकवली आहे. एका रेखावृत्ताला चार मिनिटं, पूर्वेला मिळवा, पश्चिमेला वजा करा. तुझा तो कागद कोणी मला वाचून दाखवला असता तर कणीक मळता मळता सांगितलं असतं की आज संध्याकाळीच आहे. पण तुम्ही दोघं माझ्या चोरून पत्रं लिहीत होतात. माझे डोळे जाणार हे मला सांगायचं नाही, तारीख कशी काढतात ते विचारायचं नाही. घरात एकच भूगोलाची बाई, आणि तिलाच वगळलंत. हे मी विसरणार नाही, आणि विसरले असं तोंडदेखलं लिहिणारही नाही.

दिवे दिसले नाहीत याचं वाईट वाटतं. अजूनही वाटतं. पण ते माझं दुःख फार मोठं नाही. शंतनू, आम्हाला मूल नाही, जे काही आहे ते तू. तू आठ महिने जेवलास त्या स्वयंपाकघरात तीन वर्षं फिरकला नाहीस. मला वाटलं, आंधळी काकू तुला बघवत नाही. तुझ्या मुलाला माझी भीती वाटेल असं चारुताला वाटत असेल. म्हणून मी फोनवर कमी बोलायला लागले. तू आलास की धडपडू नये म्हणून जिन्याच्या पायऱ्या पाठ केल्या, ओट्यावरच्या वस्तूंच्या जागा ठरवल्या, भाजी चिरायचा सराव केला. आणि तू यायचा नाहीस. त्या दोन वेळा वाजून थांबलेल्या फोनसारखं, कोण होतं ते मला कधी कळलंच नाही.

माफ केलं असं लिहावं अशी तुझी अपेक्षा असेल. ते पत्रात करायची गोष्ट नाही. वेदला घेऊन ये. त्याचे केस मला हाताने बघायचे आहेत. संध्याकाळी मागचं दार उघडून तू आणि काका माझ्या दोन्ही बाजूंना बसा, आणि आकाशात काय आहे ते मला सांगा. काही नसेल तर काही नाही म्हणून सांगा, पण खरं सांगा.

आज उन्हाळी वेळ लागली म्हणून सकाळी काकांनी घरातली सगळी घड्याळं तासभर पुढे केली. तुमच्या ॲरिझोनात ती भानगड नाही. येण्याची तारीख आणि वेळ कळव, आणि ती आमच्या घड्याळाची कळव.

ताट झाकून ठेवते.

काकू